उडवलेल्या छोट्या विमानांच्या आठवणी लिहून कशा ठेवायच्या

छोटी विमानं उडवणारी दोन माणसं भेटली की पाच मिनिटांत गाडी "माझ्याकडे पूर्वी एक होतं ना" वर येतेच. मग ते सेसना १५० असो, चेरोकी असो नाहीतर पिवळं कब, तासन्‌तास बोलणं चालतं आणि ऐकणाराही कंटाळत नाही. पण हे सगळं हवेतच विरून जातं हो. लिहून कुणीच ठेवत नाही, आणि जे सांगितलं जातं ते दर वेळी थोडं थोडं सरकत जातं. माझ्याच बाबतीत हे झालंय म्हणून सविस्तर लिहितेय, ज्यांनी स्वतः विमानं उडवलीत किंवा बाळगलीत त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात असं कुणी मोठं माणूस आहे त्यांच्यासाठीही.

मी कितीतरी वर्षं एक किस्सा सांगायचे. मी चेरोकीत एकटी, ढग खाली आलेले, हवा दमट, आणि इंजिनाचा आवाज हळूहळू बसत चाललाय, आरपीएमचा काटा दोनशेने खाली. मी फ्युएल पंप लावला, टाकी बदलली, काही फरक नाही, मग कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळतात त्या भागात, गरम हवा सोडायची मूठ) ओढली तर इंजिन आधी आणखी खडखडलं, जीव घशात आला, आणि थोड्या वेळाने एकदम मोकळं होऊन पळायला लागलं. किस्सा छान रंगायचा. एका रविवारी सहज लॉगबुक (पायलटची प्रत्येक उड्डाणाच्या नोंदीची वही) घेऊन बसले तर त्या तारखेच्या ओळीत चेरोकी नव्हतंच! सेसना १५० होतं, आणि शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात "कार्ब आइस, ३००० फूट", म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला होता. आता सेसना १५० च्या टाक्या वर पंखात असतात, पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, फ्युएल पंप नसतोच आणि डावी-उजवी टाकी निवडायचा खटकाही नसतो, नुसता चालू-बंदचा कॉक. म्हणजे पंप आणि टाकी मी कुठल्यातरी दुसऱ्याच दिवसातून उचलून या दिवसाला चिकटवली होती.

आमच्या मेकॅनिककाकांना हे सांगितलं तर ते म्हणाले मला आधी विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं. १५० मधल्या कॉन्टिनेंटल ओ-२०० चा कार्ब्युरेटर इंजिनाखाली वेगळा लटकलेला असतो, आणि चेरोकीतल्या लायकमिंग ओ-३२० चा कार्ब्युरेटर गरम तेलाच्या संपला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला, बोल्ट केलेला असतो, त्याला सतत ऊब मिळते, बर्फ त्यातही धरू शकतो पण कॉन्टिनेंटलला तो फार सहज धरतो. म्हणजे माझी आठवण जे सांगत होती त्याच्या उलट साक्ष इंजिनच देत होतं. तेव्हापासून मी एक पद्धत ठरवली, ती खाली देतेय.

सुरुवात लॉगबुकापासून, आणि प्रकारावरून नाही तर नंबरावरून

सगळ्यात आधी लॉगबुकाच्या प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढा. हे आजच करा, कारण बॉलपेनची शाई उडत जाते आणि एका पुराच्या नाहीतर वाळवीच्या तडाख्यात सगळं जाऊ शकतं. फोटो सरळ वरून, सावली न पाडता, आणि कव्हरच्या आतल्या पानांचेसुद्धा, कारण तिथेच आपण फोन नंबर, फ्रिक्वेन्सी, कुणाचं तरी नाव असं काहीबाही खरडलेलं असतं.

मग एक कोरी वही घ्या आणि उडवलेल्या प्रत्येक विमानाला एक पान द्या. इथे बहुतेक जण प्रकारावरून यादी करतात, सेसना १७२ इतके तास, चेरोकी इतके तास. तसं नका करू. रजिस्ट्रेशनवरून करा. एकाच मॉडेलची दोन १७२ शेजारी शेजारी उभी असतात आणि एकाचं नाक टेकऑफला सारखं डावीकडे ओढतं, दुसऱ्याचं दार तीनदा आपटल्याशिवाय लागत नाही. आठवणी त्या एका विमानाच्या असतात, प्रकाराच्या नसतात. प्रत्येक पानावर पहिली तारीख, शेवटची तारीख, एकूण तास, आणि शेऱ्यातला शब्द न शब्द जसाच्या तसा उतरवा, शुद्धलेखनासकट.

बेरीज झाली की धक्के बसतील. जे विमान आयुष्यभर सोबत होतं असं वाटतं त्याचे एकूण तास निघतात अकरा. आणि ज्याचं नावही आठवत नाही त्यात चाळीस तास काढलेले असतात. हे दोन्ही लिहून ठेवा, कारण त्या अकरा तासांत नक्की काय घडलं म्हणून ते इतकं मोठं झालं, हाच तुमच्या लिखाणाचा पहिला खरा प्रश्न आहे. माझ्या बाबतीत ते अकरा तास कबचे होते.

तासांचं गणित जुळलं नाही तर घाबरू नका. तासाचा ०.१ म्हणजे सहा मिनिटं हे माहीत असेलच. पण हॉब्स मीटर (विमानातला तास मोजणारा मीटर) घड्याळाप्रमाणे चालतो आणि टॅकोमीटरमधला, म्हणजे आरपीएमच्या काट्यातला, तासांचा आकडा इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, म्हणजे क्रूझच्या (उंची गाठल्यावरच्या सरळ प्रवासाच्या) आरपीएमला तो घड्याळाबरोबर असतो आणि टॅक्सी करताना, उतरताना मागे पडतो. त्यामुळे तुमच्या लॉगबुकात १.३ आणि विमानाच्या वहीत १.१ असं दिसलं तर दोन्ही खरे असू शकतात. कुठला आकडा कुठून घेतला एवढं फक्त बाजूला लिहा.

विमानाची ओळख पटवा

रजिस्ट्रेशन बदलू शकतं. विमान दुसऱ्या देशात विकलं गेलं की अक्षरंच बदलतात, अमेरिकेचं एन, ब्रिटनचं जी, जर्मनीचं डी, भारताचं व्हीटी, आणि कधी कधी त्याच देशात नव्या मालकाने हौसेने नवा नंबर घेतलेला असतो. न बदलणारी गोष्ट म्हणजे बनवणाऱ्याने दिलेला सीरियल नंबर, जो विमानाला ठोकलेल्या छोट्या धातूच्या पट्टीवर असतो. तो एकदा हाती लागला की विमान कुठेही गेलं तरी सापडतं. बऱ्याच देशांची नागरी विमानांची नोंदवही इंटरनेटवर उघडी आहे, जुना नंबर टाकून बघा.

शोधताना मनाची तयारी ठेवा हं. काही विमानं भंगारात गेलेली असतात, काहींचा अपघात झालेला असतो आणि त्याचा अहवालही सार्वजनिक असतो. माझं सोलोचं (पहिल्यांदा एकटीने उडवलेलं) विमान मी असं शोधलं आणि नोंद "रद्द" दिसली, तेव्हा दोन दिवस मी ती वही उघडली नाही. पण तेही त्या पानावर लिहिलं पाहिजे, तारखेसकट.

विमान तुमच्या मालकीचं होतं आणि अजून विकलेलं नसेल तर एक काम ताबडतोब करा, एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), इंजिन आणि प्रोपेलर या तिन्ही वह्यांची प्रत काढून ठेवा, कारण विकताना त्या विमानाबरोबर जातात आणि मग हात चोळत बसावं लागतं. इंजिन कधी उघडलं, सिलिंडर कुठला बदलला, ओ-२०० ला १८०० तासांनी ओव्हरहॉल सुचवलेला असताना आपलं किती तास चाललं, ही सगळी तुमच्या काळाची गोष्ट आहे. आणि भागीदारीत विमान असेल तर त्याहून मौल्यवान म्हणजे विमानात ठेवलेली तक्रारवही. आम्ही तिघं भागीदार होतो, १५० च्या उजव्या सीटमागच्या खिशात आमची एक वही असायची. "डावा ब्रेक मऊ." "मऊ नाही, पॅडल अर्धंच दाबतेस." "ब्रेकमध्ये हवा होती, काढली." तीन अक्षरं, तीन शाया, आणि त्या तीन ओळींत आमचे सगळे स्वभाव आले. ही वही मात्र आमच्याकडे राहिली, कारण ती कागदोपत्री कशातच धरत नाहीत.

जुन्या फोटोवरून साल काढायचं असेल तर

घरात एक कृष्णधवल फोटो असतो, बाबा नाहीतर आजोबा विमानाला टेकून उभे, मागे तारीख नाही, विमानावरचा रजिस्ट्रेशन नंबर पंखाआड गेलेला. अशा वेळी विमानाचा आकार बोलतो. सेसना १५० ची शेपटी सरळ उभी असेल तर ते १९६५ पर्यंतच्या मॉडेलचं, मागे कललेली असेल तर १९६६ पासूनचं. मागच्या बाजूला काच असेल तर १९६४ किंवा नंतरचं. १७२ मध्ये हेच बदल आधी झाले, कललेली शेपटी १९६० च्या मॉडेलपासून आणि मागची काच १९६३ पासून. चेरोकीचा पंख मुळापासून टोकापर्यंत सारख्याच रुंदीचा दिसत असेल तर जुना आराखडा, टोकाकडे निमुळता होत असेल तर १९७४ मध्ये आलेल्या वॉरियरच्या घराण्यातला. इंग्रजी व्ही अक्षरासारखी शेपटी म्हणजे बीचक्राफ्ट बोनान्झा, ती १९४७ पासून १९८२ पर्यंत बनत होती, त्यामुळे तिच्यावरून साल फारसं आवळता येत नाही.

यात एक चूक सगळे करतात. या खुणांवरून फोटो कधीच्या *आधीचा नाही* एवढंच कळतं. १९६६ चं विमान १९९५ मध्येही उभं राहून फोटो काढून घेऊ शकतं, आणि घेतंच, ही विमानं पन्नास पन्नास वर्षं उडतात. शिवाय मॉडेलचं साल आणि कॅलेंडरचं साल एक नसतं, १५० चं उत्पादन १९५८ मध्ये सुरू झालं पण ती विकली गेली १९५९ चं मॉडेल म्हणून. तेव्हा फोटोतली गाडी, चष्म्याची फ्रेम, हेडसेट आहे की हातात धरायचा माइक, हे सगळं बघून मग साल लिहा, आणि अंदाज असेल तर अंदाज असं लिहा.

हाताला काय आठवतं ते लिहा

आता मुख्य काम. कोरा कागद समोर घेऊन "मला ते विमान फार आवडायचं" असं लिहायला बसलात तर तिसऱ्या ओळीला अडकाल. मला जी युक्ती सापडली ती म्हणजे प्रीफ्लाइट, उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून करायची तपासणी. डोळे मिटा आणि विमानाभोवती फेरी मारा, ज्या क्रमाने मारायचात त्याच क्रमाने, आणि प्रत्येक ठिकाणी हात कुठे जातो, काय लागतं, काय ऐकू येतं, कसला वास येतो ते लिहीत जा. आठवणी क्रमाने लावलेल्या असतात, एक दार उघडलं की पुढचं आपोआप उघडतं.

सेसना १५० ची माझी फेरी अशी. दार उघडलं की उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास. मास्टर स्विच लावला की जायरोची बारीक घरघर, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली उतरणाऱ्या फळ्या) खाली केले की मागून मोटरचं रडणं, १५० चे फ्लॅप्स चाळीस अंशांपर्यंत उतरायचे, पूर्ण उतरले की पंख तुटून लोंबतोय असंच वाटायचं, नंतरच्या १५२ ला ते तीस अंशांवर आणले. मग पंखाखालून पेट्रोलचा नमुना, काचेच्या नळीत १०० एलएलचा (छोट्या विमानांच्या पेट्रोलचा) फिका निळा रंग, उजेडात धरून तळाशी पाण्याचा थेंब आहे का बघायचं, आणि हाताला येणारा तो वास जो घरी गेल्यावर साबणाने धुतला तरी जायचा नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला स्टॉल हॉर्नची, म्हणजे पंखांचा उठाव सुटत आल्याचा इशारा देणाऱ्या भोंग्याची, छोटी फट. त्या फटीला रुमाल लावून तोंडाने हवा ओढली की आत कॉकपिटमध्ये हॉर्न वाजतो, कारण सेसनाच्या या हॉर्नला वीज लागतच नाही, हवा ओढली गेली की आतली पट्टी थरथरते, अगदी पेटीच्या सुरासारखी. म्हणून तो हळू सुरू होऊन चढत जातो, लँडिंगला चाकं टेकायच्या आधी कण्हल्यासारखा. चेरोकीत असा सूर नाही. तिथे पंखावर एक लहानशी पाती असते, ती उचलली गेली की विजेचा इशारा, लागला नाहीतर नाही लागला. ज्याने दोन्ही उडवलंय त्याला डोळे मिटून कुठल्या विमानात बसलोय ते सांगता येईल.

चेरोकीची फेरी सुरूच वेगळी होते, कारण दार एकच आणि तेही उजवीकडे. म्हणजे पंखावर चढायचं, पायलटने आधी आत सरकायचं आणि सोबत्याने नंतर येऊन दार लावायचं, आणि मग दाराची वरची खिटी नीट बसलीय का ते हात वर करून परत बघायचं. दोन सीटमध्ये फ्लॅपचा लांब दांडा, मोटारीच्या हँडब्रेकसारखा, एक खाच, दोन खाचा, तीन. जुन्या चेरोकींत ट्रिमची (नाक वर-खाली ठेवायला हातावरचा जोर कमी करणारी) मूठ डोक्यावर छताला असते, ती कुठल्या बाजूला फिरवली की नाक वर जातं हे मला आजही सांगता येणार नाही, पण हात वर नेला की हाताला बरोबर कळतं. असं काही आठवलं की तसंच लिहा, हाताला कळतं पण सांगता येत नाही, तेही लिहिण्यासारखंच आहे.

आणि कब! जे-३ कब १९३८ ते १९४७ या काळात जवळजवळ वीस हजार बनली, सैन्यासाठीची सोडली तर बहुतेक त्या एकाच पिवळ्या रंगाची. एकटं उडवायचं तर मागच्या सीटवर बसायचं, वजनाचा तोल साधायला. समोर काचेच्या पुढे टाकीच्या झाकणातून एक तार वर आलेली, तिच्या खालच्या टोकाला आत बूच तरंगतंय, पेट्रोल संपत जाईल तशी तार खाली जाते, हाच इंधनाचा काटा, आणि मी आजवर पाहिलेला सगळ्यात विश्वासू. वीज नाही, स्टार्टर नाही, बाहेर उभं राहून कुणीतरी पंखा हाताने फिरवायचा. उजवीकडचं दार दोन भागांत उघडतं, वरचं पंखाला अडकवायचं, खालचं लोंबतं सोडायचं, आणि तसंच उघड्या दाराने उडायचं. माझ्या त्या अकरा तासांत एका संध्याकाळी मी हजार फुटांवरून जाताना खाली कापलेल्या गवताचा वास आला. विमानात बसून जमिनीचा वास येतो हे मला माहीतच नव्हतं. त्या एका वासासाठी ते पान माझ्या वहीतलं सगळ्यात लांब पान आहे.

आकडे लिहा, पण तुमच्या विमानाचे

पुस्तकातले आकडे कुणालाही मिळतात. १५० चं १०० अश्वशक्तीचं इंजिन, समुद्रसपाटीला मिनिटाला ६७० फूट चढतं असं सत्तरच्या दशकातलं पुस्तक सांगतं. तुमचं विमान किती चढायचं ते लिहा. आमचं, दोघं बसून, तापलेल्या दुपारी, जेमतेम तीनशे, आणि त्यामुळे रनवेच्या टोकाला असलेल्या झाडांची मला अजून एकेक फांदी आठवते. पुस्तकातला आकडा आणि तुमचा आकडा शेजारी शेजारी ठेवले की त्यांच्यातल्या फरकात हवा, उष्णता, इंजिनाचं वय आणि तुमची छाती किती धडधडली ते सगळं येतं.

हेच आकडे किस्से ताडून बघायलाही कामाला येतात. क्रॉसविंडचे (उतरताना आडव्या लागणाऱ्या वाऱ्याचे) किस्से दर वर्षी दोन-तीन नॉटने वाढतात, हे मी माझ्यासकट सगळ्यांत पाहिलंय. १७२ च्या पुस्तकात १५ नॉट क्रॉसविंडमध्ये उतरवून दाखवलंय असं लिहिलेलं असतं, ती मर्यादा नाही, त्याच्या वर कुणी उतरवलंच नाही असंही नाही, पण तुमच्या किस्स्यात तीस आलं तर जरा थांबा, त्या दिवशीचं लॉगबुक बघा, बरोबर कोण होतं त्याला विचारा. खरा आकडा लिहिला तरी वाचणाऱ्या पायलटच्या हाताला घाम फुटतोच.

विशेषणं लागतच नाहीत खरं तर. १९५८ च्या डिसेंबरमध्ये रॉबर्ट टिम आणि जॉन कुक या दोघांनी एक सेसना १७२ लास वेगासवरून उडवलं ते ७ फेब्रुवारी १९५९ ला उतरवलं, ६४ दिवस २२ तास १९ मिनिटं, खाली धावणाऱ्या ट्रकमधून पेट्रोल वर घेत. ते विमान आज लास वेगासच्या विमानतळावर टांगलेलं आहे. त्या उड्डाणाचं मला सगळ्यात भिडतं ते कुकने लिहून ठेवलेलं, काय काय बंद पडलं त्याची यादी, जनरेटर, हीटर, दिवे. नुसती यादी. ती वाचताना थंडी वाजते.

मोठ्यांना बोलतं कसं करायचं

आमच्या तिघांतले थोरले भागीदार, त्यांना सगळे दादाच म्हणायचे, वयाने माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठे. त्यांच्या आठवणी लिहून घ्यायच्या म्हणून मी फोन रेकॉर्डिंगला लावून बसले (आधी विचारून, हे विसरू नका) आणि विचारलं, दादा तुमचं सगळ्यात आवडतं उड्डाण कुठलं? ते म्हणाले, "सगळीच चांगली होती गं." संपलं. पुढच्या वेळी मी प्रश्न न्यायच्याऐवजी वस्तू नेली.

आमच्या १५० च्या पेट्रोलची एक लाकडी काठी होती. छोट्या विमानांचे इंधनाचे काटे बेभरवशाचे असतात म्हणून टाकीचं झाकण उघडून काठी बुडवून बघायची पद्धत आहे. ही काठी दादांनी स्वतः केलेली, टाकी रिकामी करून, दर गॅलनला पेट्रोल ओतत, काठी बुडवत आणि ओली रेघ वाळायच्या आत चाकूने खाच पाडत. हातभर लांब, कडा झिजून गुळगुळीत, खालचा भाग निळसर झालेला, आणि चार गॅलनच्या खाचेवर लाल रंगाचा ठिपका. ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा त्या लाल ठिपक्यावर ठेवला, न बघता, आणि चाळीस मिनिटं बोलले. तो ठिपका आधी नव्हता, तो एका संध्याकाळी समोरून वारा लागून ते घरी पोचले आणि काठी बुडवली तर जवळजवळ कोरडीच वर आली त्या रात्री त्यांनी लावला होता, आणि आम्हा दोघांना एवढंच सांगितलं होतं की दोन्ही टाक्या लाल ठिपक्याखाली असतील तर निघायचं नाही. कारण कधी सांगितलं नव्हतं. आम्ही नऊ वर्षं तो ठिपका पाळला आणि त्यामागची गोष्ट मला त्या दिवशी कळली.

तेव्हा वस्तू न्या. जुना नकाशा, हिरवा डेव्हिड क्लार्क हेडसेट, किल्ली, तक्रारवही. आणि प्रश्न छोटे विचारा. सकाळच्या थंडीत सुरू करायला प्राइमर (इंजिनात आधी थोडं पेट्रोल सोडणारा हातपंप) किती वेळा मारायचा? दार कुठल्या हाताने उघडायचं? कुठल्या भागीदाराने सीट नेहमी पुढे सरकवलेली सोडायची? उत्तर लगेच आलं नाही तर गप्प बसा, मधे आपला किस्सा सांगू नका, कितीही मोह झाला तरी. आणि चूक सांगत असतील तर अजिबात सावरून घेऊ नका, "होतं असं" म्हणालात की माणूस थांबतो. लिहिताना दुसऱ्या कुणाची चूक असेल तर त्याचं नाव गाळा, काय झालं ते मात्र क्रमाने पूर्ण लिहा, किती वाजता, वारा कसा, आधी हात कुठे गेला. पुढे वाचणारं कुणी तरुण असेल तर त्याला नाव नको असतं, क्रम हवा असतो.

विक्रीचा दिवसही विचारा. बऱ्याच जणांना तो सांगायचा नसतो, आणि तोच सगळ्यात स्पष्ट आठवत असतो. आमच्या विमानाच्या वेळी दादा पहाटेच जाऊन दोन्ही टाक्या काठोकाठ भरून आले होते, व्यवहारात तसं काही ठरलेलं नसताना. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, लांब जायचं होतं त्याला." म्हणजे विमानाला.

वस्तू द्यायच्या आधी

कागद झाले, आवाज झाले, आता वस्तूंचं. जी वस्तू विमानाचीच आहे ती शक्य असेल तर विमानाकडे परत जावी असं माझं मत आहे, पण त्याआधी तिचा मोजपट्टीसकट फोटो काढा आणि मापं वहीत उतरवा. काठीची मापं तर नक्कीच, कारण काठी त्या एका विमानापुरतीच खरी असते, दुसऱ्या विमानात बुडवली तर खोटं सांगते आणि तशी चूक महागात पडते. मागच्या वर्षी मी नोंदवहीतून आमच्या १५० चा आताचा मालक शोधला आणि दोन परिच्छेदांचं पत्र लिहिलं, आम्ही कोण, कधी ते कधी पर्यंत ते आमच्याकडे होतं, आणि तुम्हाला त्रास नसेल तर पॅनलचा एक फोटो पाठवाल का. त्याने सतरा फोटो पाठवले. रंग बदललाय, रेडिओ नवे आहेत, पण उजव्या सीटमागचा तो खिसा तसाच आहे, उसवलेल्या कोपऱ्याला दादांनी घातलेल्या जाड टाक्यांसकट.

काठी मी दादांना विचारून त्याच्याकडे पाठवून दिली. त्याने टाक्या रिकाम्या करून एकेक गॅलन ओतत ताडून बघितलं आणि तसं कळवलं, सगळ्या खाचा अजून बरोबर आहेत, आणि लाल ठिपका कशासाठी आहे ते विचारलंय. दादांचं रेकॉर्डिंग त्याला पाठवायचं म्हणून या आठवड्यात मी ते कागदावर उतरवतेय.